मी तर नुसता बसलोय

...नाही, तुम्हीच सांगा, माणसाने उत्तर तरी काय द्यायचं? सकाळी जिन्यावरच गाठतात, हातातला डबा खाली ठेवू देत नाहीत, आणि "सर्व्हर पुन्हा झोपलाय" असं अशा चेहऱ्याने सांगतात की जणू मीच अंगाई म्हटली! बरं, तेव्हा तुम्ही काय करत होतात, एवढं नुसतं विचारा. कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं... "छे हो, मी काही केलं नाही. मी तर नुसता बसलोय."

तुम्हाला सांगतो, आमच्या संशोधन संस्थेत सर्व्हर एक आणि त्याच्यावर बसलेली अख्खी संस्था. पक्षीवाल्या बाई त्यावर पाखरांचे आवाज साठवतात, ढगवाले सर ढगांचे फोटो, आणि सांभाळायला मी एकटा. मध्ये एकदा वीज गेली आणि डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवलीय याचा आतला सगळा हिशेब विस्कटला. तेव्हापासून त्या बिघडलेल्या कोपऱ्यातली फाइल कोणी उघडली की सर्व्हर आडवा. उठवला की चालतो, पुन्हा कोणीतरी तिथे कडमडतं, पुन्हा आडवा. उपाय साधा आहे हो! डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम असतो, तो चालवायचा. पण त्याची एकच अट... तेवढा वेळ डिस्कवर कोणी असता कामा नये. कोणाची एक खिडकीसुद्धा तिथे उघडी नको. असली की मशीन म्हणतं, डिस्क वापरात आहे. विषय संपला.

मग हाकला ना सगळ्यांना, म्हणाल. हाकललं होतं मागे एकदा! ढगवाल्यांचं काहीतरी अर्धवट राहिलं, ते तडक संचालकांकडे गेले, आणि संचालकांनी मला समोर उभं करून, चष्मा पुसत पुसत बजावलं की यापुढे कोणालाही विचारल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, गोड बोलून काढायचं. गोड बोलून! अहो, माणसांशी बोलावं लागू नये म्हणून तर मी कॉम्प्युटर शिकलो.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण त्याच सर्व्हरवर आमची बायकोही आहे. पीएचडी करतेय, नदीवर. पूर आला तर पाणी कुठल्या कुठल्या घरात शिरेल, याचं गणित. ते गणित आठवडेच्या आठवडे चालतं, मधूनमधून स्वतःला सेव्ह करतं, सर्व्हर पडलाच तर तिथून पुढे सुरू. परवा पडला, आणि ती सेव्ह केलेली फाइलच उघडेना. गणित संपत आलेलं, प्रबंध द्यायची मुदत सोमवारची. भांडली असती तर बरं झालं असतं हो... भांडली नाही. जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाली, "मिळेल ना रे ती?" एरवी मला त्या सर्व्हरचा नुसता राग येतो. त्या दिवशी भीती वाटली.

मग काय, दुसऱ्या दिवशी निघालो गोड बोलायला. पक्षीवाल्या बाईंच्या कानाला हेडफोन. म्हटलं, बाई, जरा बाहेर पडता का? तर त्या पर्स घेऊन उठल्याच, कुठे जायचंय म्हणून! खोलीतून नाही हो, सर्व्हरवरून... "पण मी त्याच्यावर आहेच कुठे? मी काही केलं नाही, मी तर नुसती बसलेय." आणि मागे स्क्रीनवर खिडक्याच खिडक्या. ढगवाल्यांचंही तेच, काही केलं नाही, नुसता बसलोय. अहो, ते नुसतं बसणंच तर नडतंय! उंबऱ्यात नुसता उभा राहिलेला माणूसही दार लावू देत नाहीच की. पण गंमत बघा. नदीवालीची फाइल अडकलीय म्हटल्यावर हेच ढगवाले, माझी तक्रार करणारे, चहा अर्धा टाकून उठले आणि पुढच्या सगळ्या खोल्यांमध्ये स्वतः जाऊन सांगून आले. मी त्यांना काय काय समजत होतो!

दुपारपर्यंत झाडून सगळे बाहेर. मी खुर्चीत, बायको मागे उभी. कमांड दिली. मशीन म्हणालं, डिस्क वापरात आहे.

वापरात? कोणाच्या? दारातून डोकं काढून विचारलं, तर अख्खा कॉरिडॉर एका सुरात म्हणाला, आम्ही काही केलं नाही. आणि या वेळी ते खरं होतं हो! पुन्हा कमांड. पुन्हा वापरात. मग डिस्कवर कोण बसलंय ते विचारायचीही एक कमांड असते, ती दिली. एकच नाव आलं. मी वाचतोय कशाला, मी तणतणतोय... सोडत नाही याला, आता सरळ संचालकांपुढे उभा करतो! बायको खांद्यावरून वाकली.

"कर उभा. आधी नाव तर वाच."

...माझं होतं. सकाळी तो बिघडलेला फोल्डर बघायला आत शिरलो होतो, आणि त्यातच ठाण मांडून कमांडवर कमांड सोडत होतो. सतरंजी झटकायला निघालोय, आणि स्वतः तिच्यावर मांडी घालून! आणि तोंडातून निघावं काय? "अगं, मी काही केलं नाही, मी तर नुसता..."

हसली हो. कितीतरी दिवसांनी, अगदी खुर्चीची पाठ धरून हसली. मी मुकाट फोल्डरमधून बाहेर पडलो, कमांड दिली, आणि मशीन काहीही न बोलता कामाला लागलं. टक्के चढायला लागले. दारात पक्षीवाल्या बाई, त्यांच्या मागे टाचा उंचावून ढगवाले. संपलं. तिने फाइल उघडली... उघडली! जिथे थांबली होती तिथून नदी पुन्हा वाहायला लागली. तिने माझा खांदा दाबला, आणि मला उगाचच चष्मा पुसावासा वाटला.

तेवढ्यात संचालक आले. म्हणाले, "वा! शेवटी केलंत तरी काय तुम्ही?" मी आपला नम्रपणे म्हणालो, काही नाही सर, मी काही केलं नाही, सगळ्यांनी साथ दिली.

तर स्क्रीनवरची नजर न हलवता बायको म्हणाली, "खरंय सर. घरीसुद्धा हा असाच असतो."

आता यावर माणसाने काय बोलायचं? मी काही बोललो नाही. नुसता बसलो.