लहानूच्या खिशातला भत्ता

बोला, भुकेल्याचं तोंड बघून भूक ओळखतो, त्या पांडुरंगाला हाक मारा! — अहो, मोठ्यानं! जेवून आलात ना सगळे?

मंडळी, ऐका! माणूस बेकार. त्यात बिडी ओढणारा. त्याच्या हातावर सरकारनं आयते पैसे ठेवले, तर बिडी वाढेल की सुटेल? वाढेल म्हणणाऱ्यांनी हात वर करा! — बाप रे! अख्खा मांडव! पेटीवाले, तुम्ही तरी हात पेटीवर ठेवा, माझा सूर गेला!

तर आपला लहानू. सूतगिरणी बंद पडली, लहानू घरी. आणि बिडी? आधी जेवणानंतर ओढायचा. आता एक विझायच्या आत दुसरी! बायको ठकूबाई ताट वाढायची, तर हा म्हणायचा, "मला नको, तू अन् पोरी खा." आणि ओट्यावर जाऊन धूर! खोकला असा, की शेजारची कोंबडी अंड्यांवरून उठायची!

तेवढ्यात सरकारनं बेकारांना भत्ता लावला. लहानू नाचत घरी आला. "ठके, आपल्याला भत्ता मिळणार!" आता आपल्या संगमनेराकडं भत्ता म्हणजे काय? चुरमुरे, शेव, शेंगदाणे! ठकूबाई पिशवी घेऊन निघाली की हो! "कुठं वाटत्यात? तिखट हाय का गोड?"

हसा, हसा! पण तिचा भाऊ विश्वनाथ हसला नाही. "दाजी, या पैशाचा धूर केला, तर बहीण अन् पोरी माझ्या घरी नेईन. कायमच्या!"

भत्ता सुरू झाला. महिन्यानं विश्वनाथ न सांगता दारात! बघतो तर लहानूचा खिसा टम्म! "घावला! ठके, आवर बोचकं!" पोरी रडायला लागल्या. विश्वनाथनं लहानूच्या खिशात हात घातला — मूठ भरली — बाहेर काढली —

काय निघालं? — अहो, भत्ता! चुरमुरे! शेव साऱ्या ओट्यावर!

"अन् बिडी?"

"सुटली."

"आपोआप?"

लहानू खाली बघत म्हणाला, "घरात पुरत नव्हतं. पोरींच्या ताटातलं कसं खाऊ? बिडी ओढली की भूक मरायची. आता दोन्ही वेळा जेवतो. तलफ येती, लई येती. मग ठकीनं खिसा भरून दिलाय, त्यातलं चघळतो."

विश्वनाथचे डोळे भरून आले. पण ठकूबाई! म्हणाली, "दादा, रडायचं मागून बघ. आधी सांडलेली शेव उचल!"

काय मंडळी, मघाचे हात कुठं गेले? आता मांडीखाली लपवताय होय! लहानूचा खिसा सगळ्यांनी चाचपला. जेवलास का, एवढं कुणी विचारलं? मलाही वाईट वाटतं हो, माझ्याही गल्लीत असा एक जण ओट्यावर धूर काढत बसतो. तर आज प्रसादाला भत्ताच ठेवलाय. जाताना एक पुडा जास्त न्या. तुमच्या गल्लीतल्या लहानूशेजारी बसा, त्याच्याबरोबर खा. उपदेश नको — ते दुकान माझं आहे!

आणि हो, पुडा देताना मघाशी वर केला होतात ना, त्याच हातानं द्या!