गॅस म्हणजे गॅस

अरे थांब, आधी ऐक तरी आज काय झालं ते — चहा येईल रे, बस आधी — आणि ती पिशवी, नको नको, हात लावू नकोस, काळा होशील. हां. तर आमच्या आतोबांचा सिलिंडर भरायचा कारखाना, तुला माहितीये, जिथे मी इंजिनिअर आहे — पाटीपुरती हां, बाकी फोन उचलायचे — तिथे आजवर नायट्रोजन भरायचे. आता आतोबांना ऑक्सिजनची हुक्की आलीये. वेल्डिंगवाले मागतात म्हणे. म्हणून नवा कॉम्प्रेसर. आणि आमच्याकडे कॉम्प्रेसर कसा निवडतात, सांगू? बैल निवडावा तसा! पाठीवर थाप मारायची, एक चक्कर टाकायची, कान देऊन ऐकायचं — ‘आवाज काय दणदणीत आहे!’ — आणि प्रश्न एकच, दाब किती देतो? बास. अरे, शेंबडं पोरही आधी विचारेल, भरायचाय कुठला गॅस? त्या टायवाल्या विक्रेत्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. ‘गॅस म्हणजे गॅस.’ हे आतोबांचं वाक्य. भिंतीवर लावा फ्रेम करून!

काय? फरक काय पडतो? घ्या, तूही त्यांच्यातलाच. अरे, जो घेतलाय ना, त्याच्या आत तेल फिरतं. हवेला चालतं, नायट्रोजनला चालतं, पण दाबलेला ऑक्सिजन आणि तेल — काडीसुद्धा लागत नाही, आपोआप पेटतं. मशीन, पाइप, समोर जो उभा असेल तो. आणि समोर कोण? आमचे दाजी! ताईचे यजमान, सगळी मशीनं तेच चालवतात. आज सकाळी बघते तर पाइपचा एकेक जोड तेलाच्या फडक्याने पुसतायत — बाळाला मालीश करावं तसं, शीळ घालत! मी ओरडले. तर म्हणतात, ‘मेहुणीबाई, मला मिशी फुटायच्या आधीपासून कॉम्प्रेसर चालवतोय मी, तू मोबाइलवर वाचून शिकवू नकोस.’ मिशी! मिशी पहिली जळेल म्हटलं. सगळे हसले. आणि आत्या काय म्हणाली? ‘मोठ्यांशी असं बोलतात का गं?’ म्हणजे माणूस जळाला तरी चालेल, बोलणं गोड पाहिजे!

हो, सांगितलं होतं ना, घेतानाच सांगितलं होतं! मी होते की बरोबर. आतोबा तर तेव्हा दुसऱ्याच मशीनपाशी उभे होते — बिनतेलाचं, बरोबर तेच — हात फिरवत होते त्याच्यावर. मला म्हणाले, ‘हे कसं वाटतं गं?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला काय कळणार त्यातलं, तुम्ही आवाज ऐका.’ टायवाल्यासमोर. तो हसला. आणि मीही — म्हणजे हसू आलंच ना, कुणालाही येईल! तर चेहरा एवढासा झाला त्यांचा, वळले आणि शेजारच्या तेलवाल्या मशीनच्या पाठीवर थाप मारली. ‘हेच घ्यायचं. घरात मालक कोण आहे ते कळू दे.’ आता त्यांच्या हट्टाला मी काय करू? असं बघू नकोस. मी काय चुकीचं बोलले? कळत नाहीच त्यांना!

असो. मग आज मी काय केलं — दाजी जेवायला बसले तेवढ्यात मशीनचा पट्टाच काढून घेतला. मोटरवरून मशीन फिरवतो तो. या पिशवीत आहे. मघापासून फोन करतायत सगळे. ताईचा मेसेज आलाय, ‘तुझा हेका चालला नाही म्हणून चोरी?’ चोरी म्हणे! पण उपयोग काय, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तसा पट्टा, आणायला माणूस गेलाय. तासाभरात मशीन सुरू. ताईला सगळं समजावून लिहिलं, तिने वाचलंसुद्धा नाही. दाजींना फोन केला तर म्हणाले, ‘आधी आतोबांची माफी माग, मग ऐकतो.’ मागेन की! पण आतोबा फोनच घेत नाहीत, आणि फाटकावर सांगून ठेवलंय, हिला आत सोडू नका.

तुला इथे का बोलावलं, तर ती समोरची पिवळी इमारत दिसते ना — कारखान्यांची तपासणी करणारे तिथे बसतात. आत जाऊन एक वाक्य बोलले की त्यांची गाडी निघेल. दाजी वाचतील. पण मग कारखान्याला टाळं, कदाचित कायमचं, आणि तो आत्याच्या नावावर आहे. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिच्या दाराला मी सील लावून घेऊ? तीनदा त्या पायरीपर्यंत जाऊन आले. अडाणी आहेत रे सगळे, एकजात अडाणी, पण माझेच आहेत ना —

नुसती मान नको हलवूस. सांग. तू काय केलं असतंस?