कुलूपवाले मास्तर आणि माझी सायकल

तुम्ही आज हसताय, पण आणीबाणीच्या आदल्या वर्षी अख्ख्या सोलापुरात माणसाचं मन जाणणारा मी एकटाच आहे, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या दवाखान्यात एक मास्तर यायचे. घराला लावलेलं कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघायची त्यांना खोड होती. एके दिवशी मी त्यांना माझी सगळी विद्या ऐकवली.

"मास्तर, मेंदूच्या आत, अगदी खोल बुडाशी काही केंद्रं असतात. अंगवळणी पडलेली कामं ती परस्पर उरकतात. आपल्याला विचारतसुद्धा नाहीत."

"मग करायचं काय?"

"लक्ष ठेवायचं! माणूस सावध असला, की त्यांचं काही चालत नाही."

संध्याकाळी सायकलवरून घरी आलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो आणि ओरडलो, "अगं, चहा टाक!"

चहा आला. पण तो आणला नव्या भाडेकरू बाईंनी. साखर पेठेतलं ते घर सोडून आम्हाला महिना झाला होता.

त्या महिन्यातली ही चौथी खेप; नेहमीप्रमाणे मी ओशाळून माफी मागितली.

"असू दे की," बाई म्हणाल्या. "पण राग नका मानू, कुणाला तरी दाखवून घ्या. आमचे दीर मास्तर हायत. त्यांना कुलूप ओढायचं खूळ हाय. ते जातात एका मनाच्या डॉक्टरकडं."

मी कप बशीत ठेवला. "गुण आला का त्यांना?"

"न्हाय की. पण तुमच्यापरीस लई बरे हायत. निदान सवताच्या घराचं कुलूप ओढतात."