शेवटी सांगायचं नाव

मला वाटलं होतं, पुण्याहून माझ्या गाण्याची तबकडी घेऊन अकोल्याला परतले की घरात पेढे वाटतील. पेढे राहिले बाजूला, काय झालं ते ऐका.

काका पाहुण्यांना सांगत होते, "आताच्या पोरी गाणं नाई म्हणत, बोंबलतात." मी ग्रामोफोनवर माझी तबकडी लावली. काकांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. "वा! हे जुन्या जमान्यातलीच बाई असन. आता कोणाले हाये असा गळा?"

शेवटी गाणारीनं आपलं नाव सांगायचं, असा तबकड्यांचा रिवाज. गाणं संपलं आणि माझाच आवाज म्हणाला, "इंदिरा, अकोला."

"आपली इंदी?" एक पाहुणे हसले.

काकांनी सुई उचलली. "घरची पोरगी बाजारात गाते? लाज नाई वाटली तुले?"

"आत्ताच तर वा म्हणालात, काका!"

"ते लोकायच्या घरची समजून म्हटलं मी!"

मग त्यांनी एका नायकिणीची तबकडी लावली आणि पुन्हा डोळे मिटले.

तबकडी काढणाऱ्या कंपनीला माझी दुसरी तबकडी हवीच होती. सकाळी उठल्याबरोबर मी होकार कळवला. या खेपेला शेवटी आडनावही सांगणार आहे. काकांचं आणि माझं एकच आहे.