दुर्योधनाचा प्रभारी मामा

—नाही हो अम्मा, संप नाही. संप असता तर मी घाबरलों असतों, असा कापी पीत बसलों नसतों. बॉयलर थंड, अंगणात वाळायला भात नाही, अकराच्या अकरा ओडिशावाले गायब, आमचे गावचे नऊ तेही गायब — सगळे तिरुवैयारुला गेले, कावेरीकाठी, मुलीचे कान टोचायला. एकाच मुलीचे हो, दोनच कान. त्याला वीस माणसं कशाला? तेच तर सांगतों, बसा. तुमच्या पाहणीच्या फॉर्मात पहिलाच प्रश्न आहे ना, परगावच्या कामगारांस रुजवायला मालकानं काय केलं? लिहा — भाताच्या मिलचे मालक वरुणराव, यांनी फार केलं. इतकं केलं की आज मिल बंद पडली.

हसताय काय, माझी मराठी ऐकून? हसा, हसा. पुण्याहून येतात ते हसतातच. साडेतीनशे वर्षं झाली आम्हांस तंजावरला येऊन, सोबत आणली तेवढ्याच मराठीवर भागवतों आम्ही.

तर — दर तीन महिन्यांनी पळायचे हो ते ओडिशावाले. आज आले, उद्या काम शिकले, परवा रेल्वेत. मी काय नाही केलं? धोक्याच्या पाट्या ओडियात रंगवल्या. दवाखान्यात सोबत माणूस पाठवला. आमच्या ऑफिसातली गायत्री संध्याकाळी त्यांस तमिळ शिकवायची — 'पोतं जड आहे', 'ताप आला आहे', 'बस कुठं थांबते'. ते शिकले काय, तर बस कुठं थांबते. तिथूनच पळाले. शेवटी एकास धरला, पेटी बांधत होता. नाव दुर्योधन. खोटं नाही अम्मा, तिकडे ठेवतात हे नाव, माणूस सोन्यासारखा. विचारलं, बाबा, इथं कमी काय आहे? म्हणाला, साहेब, कमी काही नाही, पण इथं मज कोणी रागावत नाही. मी म्हणालों, मी रागावतों की! म्हणाला, ते कामासाठी. जेवलास कां नाही, केस कां वाढवलेस, तोंड असं कां — असं कोणी रागावत नाही.

झालं. दुसऱ्या दिवशी मिलच्या कागदावर हुकूम काढला. नातेवाईकांच्या नेमणुकांचा. हो, शिक्क्यासकट! 'कँटीनच्या कविताअक्का यांस आत्या या पदावर नेमलं आहे. मंगळवार आणि शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, माणशी पाच मिनिटं रागावणे.' काका नेमले, आजी नेमल्या, एक थोरला भाऊ नेमला. अडचण मामाची. आता दुर्योधनाचा मामा व्हायला कोण तयार होईल, तुम्हीच सांगा! बॉयलरवाला सुब्रमण्यम, तीस वर्षांचा माझा माणूस, हुकूम वाचून रडायलाच लागला. म्हणतो, मी तुमचं काय वाईट केलं, गाव मज शकुनी म्हणेल. मग तडजोड केली — 'प्रभारी मामा'. तीन महिने सांभाळ, पुढं बघू.

आणि तीन महिन्यांत काय? कविताअक्का मंगळवारी सुरू झाली ती बुधवारीही थांबेना. सुब्रमण्यमला कावीळ झाली, तर दुर्योधन आठ दिवस त्याच्या उशाशी. रजेचा अर्ज — 'मामा आजारी'. नामंजूर कसा करणार, हुकूम माझाच! मग रजाच रजा. काकाची वास्तुशांत पापनाशमला, आजीचं तेरावं ओरत्तनाडूला. ओडिशाचा माणूस ओरत्तनाडूच्या आजीसाठी डोकं भादरून आला, अम्मा! पण पळाला कां एक तरी? एकही नाही. दुर्योधनानं बायको आणली, मुलगी आणली — आणि आज त्या मुलीचे कान. आमच्याकडे मामाच्या मांडीवर बसवून टोचतात. तिचा सख्खा मामा सुरतेस यंत्रमागावर, त्यास सुट्टी नाही — तुमचा हा फॉर्म जरा त्याच्या मालकास दाखवा. म्हणून बापाचा मामा तोच मुलीचा, सुब्रमण्यम मांडी घालून बसणार. प्रभारी नाही आता तो. कायम आहे.

मी कां गेलों नाही? तुम्ही येणार होतां म्हणून. — बरं, तुम्ही न कळवता आलांत, खरं आहे. ही पत्रिका बघा मग. मामा सुब्रमण्यम, आत्या कविता, बाकीचे दहा ओडिशावाले रांगेनं चुलते. आणि खाली, वेगळ्या चौकटीत — विशेष अतिथी, वरुणराव. मी! सगळी नाती मी वाटलीं, एक स्वतःस ठेवायचं सुचलं नाही. म्हणजे सुचलं होतं. ह्या खणात आहे तो हुकूम — 'वरुणराव यांस मुलीचे आजोबा म्हणून नेमलं आहे.' नेमणारा मी, नेमलेला मी, दोन्हीकडे सही माझीच. दुर्योधनाकडे नेला. त्यानं वाचला, डोळ्यांस लावला, परत दिला. म्हणाला, साहेब, तुम्ही मोठे, तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसा.

पुढची खुर्ची! आमचं घराणं साडेतीनशे वर्षं त्याच खुर्चीवर बसलं आहे, अम्मा. कुणाचंही लग्न असो, हार घालतात, गुलाबपाणी शिंपडतात, पहिल्या पंगतीस वाढतात, आणि पान पुढं करत विचारतात — सर, तुमचं मूळ गाव कुठलं? अकरा जण दीड वर्षात ज्या घरांच्या चुलीपर्यंत गेले, त्या घरांच्या ओसरीपुढं मज कोणी नेलं नाही. वाईट वाटतं हो. फार वाईट वाटतं. — हे लिहू नका. खोडा ते.

थांबा, फोन. — हं, कविताअक्का... नाही जेवलों... रुसलों नाही, कोण म्हणालं रुसलों... हो... हो... दोन? मोठ्या?... चुकलं अक्का...

अम्मा, रागावली! मज रागावली! आणि आज गुरुवार! म्हणते, पंगत बसली, पाणी वाढायला माणूस नाही, तुम्ही तिथं खुर्ची कसली उबवताय, मिलमधल्या दोन मोठ्या बादल्या घ्या आणि निघा. विशेष अतिथीस कोणी बादल्या आणायला सांगतं कां? तुमच्या पुण्यास सांगतात? नाही ना? — उठा, उठा, मज कुलूप लावायचं आहे. फॉर्मात काय हवं ते तुम्हीच लिहा. आणि ती तुमच्या पायाजवळची बादली — ती नको, तिला भोक आहे, पलीकडची — द्या इकडे.