वहिनींच्या न मागितलेल्या निरोपाबद्दल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील कमिटीचे सन्माननीय सभासद, दुरून आलेले पाहुणे आणि चहा निवतोय तरी शांत बसलेल्या माझ्या क्लबबंधुभगिनींनो,

वहिनींबद्दल चार गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. नणंदेला भावजयीबद्दल गोड बोलायला लावणं हेच मुळात धाडसाचं काम. पण आज मी चिडले आहे ती त्यांच्यावर नाही.

निरोप देताय, पण जाते म्हणालं कोण? कमिटीने परस्पर ठरवलं, वहिनींची नजर अधू झाली, त्यांनी गोल्फ थांबवावा आणि व्हरांड्यात बसून समुद्र बघावा. अहो, आयुष्यभर त्या कड्यावर वाऱ्याशी भांडत खेळल्या. समुद्र बघायला सवड होती कुणाला?

कारण काय, तर कड्यावरच्या होलला त्यांचा चेंडू एका पाहुण्यांच्या नडगीवर बसला. बसला, मान्य. पाहुणे आज लंगडत आलेत, मला वाईटही वाटतं. पण नव्या मंडळींसाठी सांगते, तिथे मध्ये टेकाड आहे. पहिला फटका मारतो तिथून पलीकडची, चेंडू घालायचा खड्डा असलेली हिरवळ विशीतल्या माणसालाही दिसत नाही. म्हणून तर घंटा टांगली आहे. पुढच्यांनी खेळ आटोपून हिरवळ सोडायची, घंटा वाजवायची, मगच मागच्यांनी मारायचं.

घंटा वाजली. मी शेजारीच उभी होते. वहिनी म्हणाल्या, "थांब गं, जरा लांब जाऊ दे त्यांना." थांबलो. मग मारलं. आणि पाहुणे कुठे? घंटा वाजवून पुन्हा हिरवळीवर, पाठीमागे समुद्र घेऊन फोटोला उभे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आज सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "जाऊ दे, वाद नको. बसेन मी व्हरांड्यात." माझा भाऊ गेला तेव्हा ही बाई घरात रडली नाही. बॅग खांद्याला लावून कड्यावर आली, खेळत खेळत रडली. तिला तुम्ही खुर्ची देताय? मला ते सहन होत नाही.

असो. संयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. महोदय, त्या दिवशी पाहुण्यांचा फोटो आपणच काढत होता. सुरुवात तिथून करावी.