रखमाजी कॉम्प्युटरात बसून राह्यला

टक… खर्र… टक… खर्र… हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या, आन् तुम्हाला सांगतो, तेव्हापासून माझी एकच तक्रार हाय. काठी टक, पाय खर्र, असा रखमाजी रोज संध्याकाळी कुंभार पिंपळगावच्या आमच्या वाचनालयात यायचा, बाकावर बसायचा, मी पुस्तक वाचून दाखवायचो, आन् पुस्तक मिटलं की उठून चालायला लागायचा. एक शब्द न्हाई! अरे बाबा, मी इथला शिपाई, चौथी पास, एकेक अक्षर धरून धरून तुला वाचून दाखवून राह्यलो, घसा कोरडा करून राह्यलो… उठताना ‘येतो’ म्हणायला काय जातं माणसाचं?

त्याला वाचता येत नव्हतं आन् मला जल्दी वाचता येत नव्हतं, म्हणून जमलं आमचं. शेवटचं पुस्तक होतं जहाजावरच्या एका आचाऱ्याचं. त्याचा भाऊ हरवतो, हा त्याला हुडकत समुद्रभर हिंडतो. आम्ही दोघांनी समुद्र पाह्यलेला न्हाई… गोदावरीला पूर आल्यावर जेवढं पाणी दिसतं तेवढाच आमचा समुद्र. रोज रखमाजी विचारायचा, “कडूबा, भाऊ सापडंल का रं?” मी म्हणायचो, “शेवटचं पान पाहू का?” तर काठी आपटायचा. “खबरदार! त्या आचाऱ्याला ठाव न्हाई, मंग आपण कसं पाहायचं?”

मंग दोन हजार आठ साली आमच्या ग्रंथपाल प्रभावतीबाई औरंगाबादहून ट्रेनिंग करून आल्या, आन् मागोमाग दोन कॉम्प्युटर आले. बाई म्हणल्या, “कडूबा मामा, याच्या आत औरंगाबादच्या ट्रेनिंगवाल्यांनी एक गाव केलंय. त्या गावात वाचनालय आहे. राजूरच्या शाळेतली मुलं तिकडून येतील, तुम्ही इकडून जायचं, सगळ्यांनी एका खोलीत बसून गोष्ट ऐकायची.” म्हणलं, बाई, राजूर कुठं, पिंपळगाव कुठं, एसटी तरी हाय का सरळ? “एसटी कशाला मामा, इथंच बसून जायचं!” आता इथंच बसून जायचं कसं, तुम्हीच सांगा!

तर त्यांनी आमचे फोटो काढले आन् आमचे बाहुले केले. माझा बाहुला माझ्यापेक्षा तरणा, पण दारातच अडकला, कारण मी चपला काढायचं बटन हुडकून राह्यलो होतो. रखमाजीचं तिसरंच. “माझी काठी?” बाई म्हणल्या, “आबा, तिथं काठी कशाला? तिथं उडता येतं!” “उडून जाऊ कुठं बाई? गोष्ट ऐकायला तर जायचंय.” काठी मिळेपर्यंत जागचा हलला न्हाई.

मजा होती पण. राजूरची पोरं उडत यायची, कपाटावर बसायची, एक तर पंख्याला लटकायचं. मी माइकात वाचायचो. रखमाजीचा बाहुला खिडकीखालच्या बाकावर. गोष्ट थांबली की पोरं ओरडायची, “टाटा कडूबा आजोबा!” आन् रखमाजी? माझ्या बाजूला बसलेला खरा रखमाजी बोटानं बाण दाबायचा, आन् आतला रखमाजी उठून दारातनं बाहेर. तिथं तर तोंडसुद्धा उघडायचं नव्हतं, हात हलवायचं बटन होतं! तेवढंही न्हाई!

उन्हाळ्यात गोष्ट चालू असतानाच त्याच्या छातीत कळ आली. पोरगा कारभारी पळत आला, जीपमधी घालून जालन्याला घेऊन निघाला. मी जीपच्या दाराला धरून उभा. जीप हलली तरी पाहून राह्यलो, आता म्हणंल, आता म्हणंल… न्हाई म्हणला. गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाड कावळ्यांनी भरलेलं, पण एक खाली येईना. कारभारी म्हणला, “आबा, मायला अंतर देणार न्हाई.” ढिम्म. रखमाजीची बायको दुर्गाबाई म्हणली, “अवं, मी वेळेवर जेवत जाईन.” ढिम्म. भावकीनं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं, तरी ढिम्म! ऊन डोक्यावर आलं. मी आपला मागून हळूच म्हणलं, “रखमाजी, पुस्तक पुरं वाचून दाखवीन”… आन् तुम्हाला सांगतो, एक कावळा सरळ खाली! सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. दुर्गाबाई म्हणली, “आमचं कुणाचंच न्हाई ऐकलं, पुस्तकाचं ऐकलं बघा!”

आता शब्द तर दिला. पण वाचून दाखवायचं कुणाला, भिंतीला? म्हणून कॉम्प्युटर लावला, आत गेलो, तर… खिडकीखालच्या बाकावर रखमाजी. काठी मांडीवर, मान जरा खाली. मी खुर्ची मागं सारून ओरडलो. बाई धावत आल्या. “घाबरू नका मामा. बाहेर पडायचं बटन ज्याचं त्यानं दाबायचं असतं. आबांनी दाबलं नाही, म्हणून बाहुला तसाच राहिला.” म्हणलं, बाई, हा नेम औरंगाबादवाल्यांनी केलाय का वरच्यानं?

वाचायला लागलो. लोडशेडिंगमधी इकडं लाईट जायची, मी अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो, आन् मनात एकच, तिकडं तो एकटा बसला असंल. लाईट आली की पाहायचो… बसलेलाच! राजूरची बेबीनंदा म्हणून एक चुणचुणीत पोरगी, तिनं विचारलं, “आजोबा, ते आबा काहीच का बोलत न्हाईत?” म्हणलं, “पहिल्यापासून तसेच हायत बाई ते.”

आन् मंग एक दिवस बाई म्हणल्या, कॉम्प्युटरातल्या गावाची योजना संपली, सोमवारी ते गाव बंद. “बंद म्हंजी?” “म्हणजे राहणार नाही मामा. खोली, बाक, काहीच.” म्हणलं, आन् बसलेला माणूस? बाई कपाट पुसायला लागल्या.

आता मी हळू माणूस! पंगत उठून जाते तरी माझा वरणभात चालू असतो, आन् इकडं पुस्तक राह्यलेलं एवढं जाड! तरी वाचलं, पाणी न पिता वाचलं, आचारी वादळात, आचारी तुरुंगात, आचारी तापानं फणफणलेला, त्याला ना मला दम खायला फुरसत, आन् सोमवारी दुपारी शेवटचं पान आलं तेव्हा औरंगाबादवाल्यांनी एकेकाला काढायला सुरुवात केल्ती. पोरं बसल्या जागी गायब… पंख्यावरचं गेलं, कपाटावरचे गेले, बेबीनंदा “टाटा आजो…” एवढंच. मी वाचूनच राह्यलो. आचारी एका खानावळीत बसतो, पहिला घास घेतो आन् थांबतो… ही आमटी आपल्या भावाच्या हातची! “सापडला रं, रखमाजी! भाऊ सापडला!”

पुस्तक मिटलं. आन् बाकावरचा बाहुला उठला.

मी बाईंकडं पाह्यलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. त्याच्या कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी. “तिकडूनच काढत असतील, मामा…” बाई म्हणल्या, आन् स्क्रीनच्या आणखी जवळ सरकल्या. अहो, पोरं जागच्या जागी गायब झाली, मंग हाच एकटा चालत का? काठी टेकत, पाय ओढत, दाराकडं. त्या गावात पावलांना आवाज नसतो, बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितल्तं. मला आला. मी माइक तोंडाशी धरला. “अरे, आज तरी! ‘येतो’ म्हणायला काय जातं माणसाचं?”

न्हाई म्हणला. मंग मीच आपलं ‘बरं, ये बाबा’ म्हणून टाकलं… तवर तो दाराबाहेर गेल्ता.